पाच लाख कोटी शोध आणि सात गिऱ्हाइकं

गूगलने मार्च २०२५ मध्ये एक आकडा जाहीर केला. जगभरातून वर्षाला पाच लाख कोटींहून जास्त वेळा लोक तिथे काही ना काही शोधतात. पाचावर बारा शून्यं. आकडा आहे तसा डोक्यात मावत नाही, म्हणून तो वऱ्हाडात आणून मोजू. दिवसाला पडतात सुमारे १,३७० कोटी आणि सेकंदाला एक लाख ५८ हजार. २०११ च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या ४ लाख २५ हजार होती, अमरावतीची ६ लाख ४७ हजार. या दोन्ही शहरांतल्या एकूण एक माणसाने, तान्ह्या लेकरापासून पणजीपर्यंत, एकेकदा काही शोधलं असं धरा. तेवढे शोध गूगलवर सात सेकंदांत होऊन जातात. शिवाय रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के त्याआधी कुणीच केलेले नसतात, असं गूगल बरीच वर्षं सांगत आलंय. म्हणजे रोज २०० कोटींच्या वर नवे कोरे प्रश्न.

आता दुसरं टोक बघा. अमरावतीच्या जवाहर रोडवरचं साड्यांचं दुकान, अकोल्याच्या जठारपेठेतले क्लासेस, मूर्तिजापुरातलं ट्रॅक्टरचं शोरूम. अशांचं ऑनलाइन जाहिरातीचं बजेट दिवसाला तीनशे-पाचशे रुपये धरा. ते पाचशे रुपये त्या अफाट गर्दीत नेमक्या जागी पोचवायचे आणि त्यांचं काय झालं ते दुकानदाराला पटेल असं सांगायचं, ही जबाबदारी डिजिटल एजन्सीतल्या क्लायंट मॅनेजरची. मुंबई-पुण्याच्या मोठ्या एजन्सीत पार्टीशी बोलणारा वेगळा, बजेट लावणारा वेगळा, मजकूर लिहिणारा आणखी वेगळा. चार-सहा जणांच्या ऑफिसात मात्र हे सगळं एकाच खुर्चीवर येऊन पडतं. माझ्या मते या सबंध यंत्रणेतलं सगळ्यात अवघड काम तेच आहे, आणि त्याचाच हिशेब कुणी ठेवत नाही.

आधी वेग बघू. मोबाइलवर एखादी बातमी उघडली की तिच्या मधली रिकामी जागा लिलावात निघते. वेबसाइट आणि ॲपवरच्या या खुल्या लिलावात बोली साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात पोचावी लागते. अकोला ते मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत आहे असं धरलं, तर जाण्यायेण्यात सहा मिलिसेकंद जातात. बघणारा कुठला, त्याला काय दाखवण्यासारखं आहे, कोण किती मोजायला तयार आहे, हे सगळं उरलेल्या वेळात ठरतं.

अमरावती आणि अकोला यांच्या मध्ये एक जागतिक विक्रम झालाय, तेव्हा लिलावाचा हा वेग त्याच्याशी ताडून बघायला हरकत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला टप्प्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ७५ किलोमीटर लांबीच्या एका लेनचं सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ७२० माणसं त्यावर राबली. तो रस्ता तासाला सातशे दहा मीटरच्या आसपास पुढे सरकत होता. सेकंदाच्या दहाव्या भागात दोन सेंटिमीटर. विक्रमी रस्ता बोटाच्या पेराएवढा पुढे जाईपर्यंत इकडे एक अख्खा लिलाव पुकारून, बोली लागून, जागा विकून मोकळा झालेला असतो.

पैशाचा आकडाही असाच. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिला २०२४ मध्ये नुसत्या जाहिरातींतून २६ हजार ४०० कोटी डॉलरांच्या वर उत्पन्न मिळालं. डॉलर ८४ रुपयांना धरला तर २२ लाख कोटी रुपये होतात. महाराष्ट्राचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सात लाख कोटींच्या घरातलं. तेरा कोटींच्या आसपास माणसांचं राज्य ज्या पैशावर वर्षभर चालतं, त्याच्या तिप्पट रक्कम एका कंपनीकडे जाहिरातींतून जमा होते. त्यात बड्या कंपन्या आहेतच, पण जगभरातल्या दिवसाला पाचशे रुपये लावणाऱ्या दुकानदारांचाही वाटा आहे. त्या पाचशे रुपयांचा जाब दुकानदार कॅलिफोर्नियात विचारायला जात नाही. तो क्लायंट मॅनेजरला फोन लावतो.

आता कामाच्या जवळ जाऊ. गूगलच्या शोधजाहिरातीत एका जाहिरातीसाठी १५ मथळे आणि ४ वर्णनं देता येतात. यंत्र त्यातून एका वेळी तीनपर्यंत मथळे आणि दोनपर्यंत वर्णनं उचलतं आणि हवी तशी मांडतं. तीन मथळे आणि दोन वर्णनं धरून गणित केलं, तर एका दुकानाच्या १९ ओळींतून ३२,७६० वेगवेगळ्या जाहिराती निघतात. मिनिटाला एक या वेगाने रोज आठ तास कुणी वाचायला बसलं, तरी ६८ दिवस लागतील. त्यातली कुठलीही एक, केव्हाही, कुणालाही दिसू शकते. ‘पहिल्या १०० विद्यार्थ्यांना’ हा मथळा आणि ‘फी परत मिळणार नाही’ ही ओळ शेजारी शेजारी आली तर काय अर्थ निघेल, हे आधी ताडायला माणूसच लागतो. चांगला क्लायंट मॅनेजर ६८ दिवस बसत नाही. तो प्रत्येक ओळ अशी लिहून घेतो की ती दुसऱ्या कुठल्याही ओळीशेजारी बसली तरी खोटी ठरू नये. हे कौशल्य कुठल्या रिपोर्टात दिसत नाही.

नकाशाची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत नकाशावर टाचणी लावून तिच्याभोवती जास्तीत जास्त ८० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढता येतं. अमरावतीच्या राजकमल चौकात टाचणी लावा आणि पूर्ण ८० किलोमीटर घ्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं २० हजार चौरस किलोमीटर, आणि अमरावती जिल्हा आहे १२ हजार २०० चा. कुणालाही वाटेल की जिल्हा तर पुरा आलाच, वर अकोलाही आलं. प्रत्यक्षात अकोला शहराचा मध्यभाग हवाई अंतराने ८२ किलोमीटरच्या आसपास आहे. तो दीड-दोन किलोमीटरने बाहेर राहतो. आत कोण येतं? यवतमाळ येतं, वर्धा जिल्ह्यातलं आर्वी येतं. आणि अमरावती जिल्ह्यातलाच तालुका असलेलं धारणी, शंभराहून जास्त किलोमीटर लांब असल्याने, बाहेर पडतं. चिखलदरा आत आहे, पण नकाशावर सरळ ६८ किलोमीटर दिसणारं ते अंतर परतवाड्याहून घाट चढून जाणाऱ्याला तेवढं नसतं. साडीचं दुकान असेल तर यवतमाळचा माणूस अमरावतीला खरेदीला येईल का, की त्याच्यावर उडालेले पैसे वाया जाणार? याचं उत्तर यंत्राकडे नाही. परतवाडा, अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर यांची बाजाराची वाट कुठे जाते हे ज्याला ठाऊक आहे, तो एकाऐवजी पाच लहान वर्तुळं काढतो आणि तेवढ्याच पैशात दुप्पट काम करून घेतो.

त्यात जाहिरात नाकारली जाण्याची टांगती तलवार. २०२४ मध्ये गूगलने जगभरात ५१० कोटी जाहिराती काढून टाकल्या. त्यातल्या भारतातल्या २४ कोटी ७४ लाख, आणि भारतातली २९ लाख जाहिरातदार खाती बंद झाली. दिवसाला पावणेसात लाख जाहिराती! २०११ च्या अमरावतीत जेवढी माणसं होती, त्याहून जास्त जाहिराती रोज बाद. त्यात फसवे लोक पुष्कळ, आणि ते जायलाच हवेत. पण सरळमार्गी दवाखानाही शब्दामुळे अडकतो. ‘तुमची शुगर वाढली आहे का?’ ही ओळ घ्या. बोलायला साधी, पण फेसबुकच्या नियमात ती बसत नाही, कारण बघणाऱ्याला अमुक आजार आहे असं जाहिरातीने सुचवायचं नसतं. डॉक्टरसाहेब म्हणतात, ‘यात वाईट काय आहे?’ तेव्हा नियम समजावायचा, त्यांचा मान राखायचा आणि दहा मिनिटांत ‘मधुमेह तपासणी शिबिर, रविवारी सकाळी ८ ते १२’ अशी ओळ पुढे ठेवायची. ओळ पास होते. शिबिर भरलं तर श्रेय जाहिरातीला, नाही भरलं तर बोल एजन्सीला.

आता त्या अफाट आकड्यांवरून खाली उतरू, कारण दुकानदाराचा प्रश्न तिथेच असतो. ‘दोन लाख लोकायनं पाह्यलं म्हनता, मंग दुकानात कोनीच कसं नाही आलं भाऊ?’ हा प्रश्न रास्त आहे. उदाहरणापुरते दर धरून हिशेब मांडतो. पार्टीने दहा हजार रुपये दिले. आगाऊ भरलेल्या या रकमेतच १८ टक्के जीएसटी धरलेला, म्हणून प्रत्यक्ष जाहिरातीला उरले ८,४७४. मधले १,५२६ कुठे गेले, हा फोन ठरलेला. जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही, हेही क्लायंट मॅनेजरनेच सांगायचं. फेसबुकवर हजार वेळा दिसायला ६० रुपये धरले, तर जाहिरात एक लाख ४१ हजार वेळा दिसते. पण एकेकाला ती तीनदा दिसली असेल, तर बघणारी माणसं ४७ हजार. त्यातून बोट दाबलं दर शंभर दिसण्यांमागे एकाने, म्हणजे १,४१० जणांनी. फॉर्म भरला विसातल्या एकाने, म्हणजे सत्तर जणांनी. फोन उचलला निम्म्यांनी, पस्तीस. प्रत्यक्ष दारात आले त्यातले पाचातले एक, सात.

सात! एक लाख ४१ हजारांवरून सात. दहा हजारांना भागलं तर माणशी १,४२८ रुपये. साडी विकायची असेल तर हा धंदा तोट्याचा. लाखभर फी असलेल्या वर्षभराच्या क्लासला त्यातल्या दोघांनी प्रवेश घेतला तरी फायद्याचा. एकच आकडा एका पार्टीला नको म्हणायला लावतो आणि दुसरीला बजेट वाढवायला. क्लिकचं प्रमाण एके काळी असं नव्हतं. १९९४ च्या २७ ऑक्टोबरला ‘हॉटवायर्ड’च्या वेबसाइटवर पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी एक झळकली, तेव्हा ती बघणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केल्याचं सांगतात. ते दिवस गेले. आज वेबसाइटवरच्या बॅनरवर हजारातल्या एखाद-दोघांनी बोट ठेवलं तरी पुष्कळ.

रिपोर्टात वरच्या ओळीला एक लाख ४१ हजार ठेवायचं की सात, इथे या कामाचा कस लागतो. मोठा आकडा खोटा नसतो, आणि तो ऐकून पार्टी महिनाभर खूश राहते. पण जाहिरात सहा लाख वेळा दिसली (रिपोर्टाच्या भाषेत सहा लाख इंप्रेशन) म्हणजे सहा लाख माणसांनी पाहिली, असं सव्वाचार लाखांच्या अकोल्यात कुणी समजत असेल आणि आपण ते समजू देत असू, तर ती फसवणूकच. ज्याने सात सांगितलं, त्याला पुढचंही सांगता येतं. सत्तर नंबर आले होते आणि काउंटरवरून पहिला फोन तिसऱ्या दिवशी गेला. तिथे पैसे सांडले, जाहिरातीत नाही.

हंगामाचं भानही क्लायंट मॅनेजरलाच ठेवावं लागतं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सौदे त्याच्या बरेच खाली झाले. अशा वर्षी दुचाकीच्या जाहिरातीवर किती क्लिक आले याला अर्थ राहत नाही, खिशात पैसाच नसतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिरात येतात. त्या गर्दीच्या दिवशी अकोल्यात ‘आजच दुकानाला भेट द्या’ ही जाहिरात चालू ठेवणारा माणूस अकोल्याचा नसतो.

तेव्हा वऱ्हाडातल्या दुकानदारांना, क्लासवाल्यांना, डॉक्टरांना एक विनंती आहे. महिन्याचा रिपोर्ट हातात आला की तो खालून वाचा. किती माणसं दारात आली आणि एकेकाला आणायला किती पडले, हे दोन आकडे आधी मागा. आलेल्या नंबरांना त्याच दिवशी फोन करा. आणि जो क्लायंट मॅनेजर हे दोन आकडे लहान असतानाही न लपवता तुमच्यासमोर ठेवतो, त्याचं काम पुढच्या महिन्यात स्वस्तातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका.