यंत्राज्ञांची लांबी : ‘परम’ संगणकांच्या निमित्ताने

एकच आज्ञावली दोन भिन्न प्रोसेसरांसाठी कंपाइल केली असता निर्माण होणाऱ्या यंत्रसंहितेचे आकारमान सारखे नसते. हा भेद कशातून उद्भवतो, हे पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम’ संगणकांवरून चांगले उमगते. १९९१ च्या ‘परम ८०००’मध्ये इन्मॉस कंपनीचे टी-८०० वर्गातील ट्रान्सप्युटर होते, १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले.

ट्रान्सप्युटरची मूळ आज्ञा एका बाइटाची असते. तिचे चार बिट क्रिया सांगतात, चार बिट मूल्य. १५ पर्यंतची संख्या एका बाइटात उचलता येते. पुढे पूर्वपदे जोडावी लागून २५५ पर्यंत दोन व ४०९५ पर्यंत तीन बाइट लागतात. स्पार्कची प्रत्येक आज्ञा मात्र चार बाइटांची. संख्या शून्य असो की ४०९५, जागा तेवढीच. त्यापलीकडे बहुधा दोन आज्ञा लागतात.

ट्रान्सप्युटरच्या बेरजेच्या आज्ञेत कोणत्या संख्या मिळवावयाच्या, हे लिहिलेलेच नसते. तीन रजिस्टरांच्या उतरंडीवरील वरच्या दोन संख्या गृहीत असतात. मराठीत ‘आलो’ म्हटल्यावर कर्ता निराळा सांगावा लागत नाही, त्यातलाच हा प्रकार होय. स्पार्कमध्ये तिन्ही रजिस्टरांचा निर्देश करावाच लागतो.

आता दोन चलांची बेरीज तिसऱ्यात ठेवावयाची आहे आणि तिन्ही चले स्मृतीत जवळजवळ आहेत, असे समजू. ट्रान्सप्युटरवर चार आज्ञा, चार बाइट. स्पार्कवरही आज्ञा चारच, पण बाइट सोळा. इंटेलच्या एक्स-८६ वर सामान्यतः तीन आज्ञा, नऊ बाइट. एवढ्यावरून स्पार्कला चौपट उधळा ठरविणे घाईचे होईल. कंपायलरने तिन्ही चले रजिस्टरांतच ठेवली, की स्पार्कला एकच आज्ञा पुरते, म्हणजे चारच बाइट! ट्रान्सप्युटरला ही सोय नाही. म्हणून कंपायलरचे अनुकूलन चालू होते की बंद, हे न सांगता दिलेली तुलना निरर्थक समजावी.

संपूर्ण फाइलीचे आकारमान मोजणेही तितकेच फसवे. तीत ग्रंथालयातील तयार आज्ञा आणि नावांच्या सारण्या मिसळलेल्या असतात. सोमेश्वरनगरच्या कारखान्यात काट्यावर उसाचे वजन कळते, साखर उताऱ्यावरून. येथेही केवळ आज्ञांचा विभाग वेगळा काढून मोजावा.

टी-८०० मध्ये हा हिशेब विशेष महत्त्वाचा होता. त्याच्या चिपवरील जलद स्मृती अवघी ४ किलोबाइट असून चले व आज्ञा दोहोंना तीच वाटून घ्यावी लागे. तीत न मावलेला भाग बाहेरच्या मंद स्मृतीत जाई.