‘तांबी वर चढते’ आणि आरोग्यसेवेतले इतर गैरसमज

त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हरसूल हे गुजरातच्या हद्दीजवळचं आदिवासी गाव. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण आजूबाजूच्या डोंगरांत विखुरलेल्या कोकणा, वारली, महादेव कोळी पाड्यांसाठी आरोग्यसेवा म्हणजे आधी आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर. पाळी चुकली, अंगावरून पांढरं जातंय, दुसऱ्या बाळाला थोडं थांबायचंय, या गोष्टी बाई डॉक्टरला सांगण्याआधी यांच्याच कानावर घालते. अनेकदा त्या पुढे कुणाला सांगितल्याच जात नाहीत.

म्हणून या दोघींना काय शिकवलं जातं, याला फार मोल आहे. शेजारणीच्या मनातला गैरसमज एका घरात राहतो. आशाताईच्या मनातला पाडाभर पोचतो. भारतातच नव्हे, आफ्रिकेतल्या गरीब देशांतही लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या प्रशिक्षणाचा बराच भाग शिकणाऱ्यांच्या स्वतःच्या समजुतींशी झगडण्यात जातो. या प्रशिक्षणाबद्दल आणि त्यातल्या विषयांबद्दल नेहमी कानावर येणारे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : आशाताईचं काम गरोदर बाईला दवाखान्यात पोचवण्यापुरतं. तिला एवढं शिकवायची गरज काय?

वस्तुस्थिती : २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा ठरली, डोंगराळ आणि आदिवासी भागात हा निकष शिथिल करून वस्तीगणिक आशा नेमण्याची मुभा ठेवली गेली. पहिल्या पाच पुस्तिकांसाठी २३ दिवसांचं आणि सहाव्या-सातव्या पुस्तिकांसाठी आणखी २० दिवसांचं प्रशिक्षण आखलेलं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने घरी जायचं. घरी झालं तर पहिल्याच दिवशीही. बाळाचं वजन आणि ताप बघायचा, आईला जास्त रक्त जातंय का, अंगावरून घाण वासाचं जातंय का, हे विचारायचं आणि पुढच्या बाळंतपणात अंतर ठेवण्याबद्दल बोलायचं.

या भेटींचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, ती संख्या तिसऱ्या वर्षी २५ वर आली होती. हेच काम पुढे देशभरच्या आशांच्या अभ्यासक्रमात आलं.

गैरसमज : पांढरं जाणं बाईच्या जातीला लागलेलंच. फारच झालं तर पिशवी काढून टाकावी.

वस्तुस्थिती : डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार निघाला, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. बायका बोलत नव्हत्या, कारण त्यांना कुणी विचारतच नव्हतं.

त्यामुळे प्रशिक्षणात आधी विचारायला शिकवतात: सासू किंवा नवरा समोर नसताना, आवाज खाली ठेवून, दोष न देता. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, बिनवासाचा स्राव जाणं नैसर्गिक असतं. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा स्राव, ओटीपोटात दुखणं ही मात्र आजाराची खूण. लक्षणांवरून उपचार ठरवता यावेत म्हणून सरकारी दवाखान्यांत रंगांनी ओळखायचे औषधांचे संच असतात. योनिमार्गाच्या संसर्गासाठी हिरव्या संचात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी करड्या संचात अॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. करडा संच देताना जोडीदारालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर आजार फिरून परत येतो.

पिशवी काढणं हा या तक्रारींवरचा उपाय नव्हे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हिरव्या किंवा करड्या संचाने भागण्यासारखी तक्रार वेळेवर ओळखणारं माणूस पाड्यावर असणं, हा त्यावरचा एक खरा अटकाव आहे.

गैरसमज : तांबी पोटात वर चढते. इंजेक्शनने पाळी बंद झाली की रक्त आत साठतं.

वस्तुस्थिती : गर्भाशय वरच्या बाजूने बंद असतं. तांबी (कॉपर-टी) त्याच्या आत बसते, तिचा धागा खाली राहतो. ती छातीकडे जाऊ शकत नाही. फार क्वचित, बसवतानाच भिंतीला इजा होऊ शकते, आणि म्हणूनच हे काम शिकलेल्या हातांनीच करायचं असतं. आधी मॉडेलवर आणि मग देखरेखीखाली सराव केलेल्या सिस्टर ते व्यवस्थित करतात. एक प्रकारची तांबी १० वर्षं चालते, दुसरी पाच. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते.

२०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी मिळू लागली. अंतरा तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. अंतरामुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत नाही, म्हणून जायला रक्तच नसतं. साठायचा प्रश्नच येत नाही. मात्र सुरुवातीला मध्येमध्ये डाग पडतात आणि इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जादा लागू शकतात. हे आधी सांगितलं तर बाई घाबरत नाही. न सांगता दिलं तर एका डोसानंतर ती येईनाशी होते आणि पाड्यावर नवी अफवा उठते.

गैरसमज : पुरुषाच्या नसबंदीने ताकद जाते.

वस्तुस्थिती : बिनटाका नसबंदीत फक्त शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या नळ्या बांधतात. संप्रेरकं तयार होतच राहतात, इच्छा आणि कामाची ताकद तशीच राहते, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. एकच पथ्य महत्त्वाचं: पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली होती, पुरुषांच्या नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. पुरुषांशी बोलायचं काम पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांनाही नीट शिकवायला हवं, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

महाराष्ट्रात या विषयावर उघड बोलण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं.

गैरसमज : गर्भपात बेकायदा आहे, किंवा नवऱ्याची सही लागते.

वस्तुस्थिती : हा गैरसमज कर्मचाऱ्यांमध्येही खोल रुजलेला आहे. बंदी आहे ती गर्भलिंग तपासणीवर, १९९४ च्या कायद्याने. गर्भपाताचा कायदा वेगळा, तो १९७१ चा, आणि त्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी दिलेली आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने तो करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती लागते. अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं.

आशाताईने गर्भपात करायचा नसतो, गोळ्याही द्यायच्या नसतात. तिच्याकडे पाळी चुकल्यावर तपासायचं ‘निश्चय’ किट असतं. लवकर तपासून बरोबर जागी पाठवणं हे तिचं काम. ‘हे पाप आहे’ एवढं एकच वाक्य ती बोलली, तर बाई भोंदूकडे जाते.

गैरसमज : पोरापोरींशी बोललं की ती बिघडतात.

वस्तुस्थिती : युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. लैंगिकता शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध सुरू करतात, असं त्यात आढळलं नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठीच्या दवाखान्याचं नाव ‘मैत्री’. तिथल्या समुपदेशकाने ऐकलेली गोष्ट गावात गेली, तर दुसऱ्यांदा कुणी येत नाही.

गैरसमज : दाईला शिकवलं की बाळंतपणाचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : १९७० च्या दशकापासून जगभर दाईंना शिकवण्यावर भर होता. आईला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला, झटका आला तर एकट्या दाईच्या हाती काही नसतं, हे पुढे कळून चुकलं. म्हणून दाईंना दूर लोटावं असं मात्र नाही. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात दाईंना शिकवून, स्वच्छ साहित्य देऊन सरकारी आरोग्य सेविकांशी जोडलं, तेव्हा जन्माच्या आसपासचे बाळमृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांसाठीच्या नवसंजीवन योजनेतल्या दाई बैठकींमागेही हाच विचार आहे. पाड्यातली बाई दाईचं ऐकते, आणि दाईने वेळेवर सिस्टरला निरोप धाडला तर जीव वाचतो.

गैरसमज : डॉक्टरऐवजी नर्स म्हणजे गरिबांसाठी दुय्यम सेवा.

वस्तुस्थिती : मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीसंबंधी मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के यांनीच केलेल्या होत्या. भारतानेही २०१८ च्या अखेरीस नर्सना १८ महिन्यांचं प्रगत प्रसूतिसेवा प्रशिक्षण देण्याचं धोरण आणलं.

गैरसमज : एकदा प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं की झालं.

वस्तुस्थिती : बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन द्यायचं, मग वार नीट काढून गर्भाशय घट्ट झालंय का ते हाताने चाचपायचं. हे वर्गात ऐकून जमत नाही, आणि महिनोन् महिने हात लागला नाही तर जमलेलंही सुटतं. रक्त किती गेलं याचा डोळ्यांचा अंदाजही चुकतो, कापडात मुरलेलं रक्त नेहमी कमी वाटतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत मोजमापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी बाईखाली ठेवली, आणि प्रमाणापेक्षा जास्त रक्त दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करायला शिकवलं. २०२३ च्या निष्कर्षांनुसार गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

हरसूलच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि अंतराचा पुढचा डोस तिथे असताना येतो. तो ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत घेता येतो, आणि अंतराचं कार्ड दाखवलं की बागेजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळायला हवा. म्हणून गाव सोडणाऱ्या बाईला कार्ड सोबत ठेवायला सांगणं, तारीख तिच्याकडून वदवून घेणं आणि जमल्यास निघण्याआधीच डोस देणं, एवढं तिथल्या प्रत्येक सिस्टर आणि आशाताईच्या प्रशिक्षणात असायला हवं.