ऊसदर, आयकर आणि न्यायालयाचा निकाल



‘उसाला जादा दर दिला म्हणून कारखान्यावर आयकर बसला’ ही चर्चा पारावर आपण ऐकतो. ऐकीव गोष्टीवर भिस्त कशाला? मूळ कागद आता मोबाईलवर वाचता येतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर २०२३ पासून विनामूल्य मिळतात. ‘इंडियन कानून’वरही सापडतात. तिथे इंग्रजीत ‘तासगाव तालुका’ आणि ‘आयकर’ असे शब्द टाका. मार्च २०१९ चा निकाल निघेल. वैधानिक किमान दरापेक्षा जास्त दिलेल्या रकमेत नफ्याचा जो अंश असेल, तो खर्च नव्हे, नफावाटप धरावा, असे त्यात सांगितले आहे.

पण एवढ्यावर थांबलात तर फसगत होईल. तो वाद जुन्या वर्षांचा. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची ऊसखरेदी सहकारी कारखान्याचा खर्च धरावी, अशी तरतूद २०१५ च्या वित्त कायद्याने केली. ती कर निर्धारण वर्ष २०१६-१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या वर्षांसाठी अर्ज करण्याची वाट २०२३ च्या वित्त कायद्याने मोकळी केली. दोन्ही कायदे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आहेत.

तेव्हा निकालाची तारीख बघा, वाद कोणत्या वर्षाचा ते बघा, आणि मागाहून कायदा बदलला का तेही बघा. इंग्रजी अडलं तर घरातल्या शिकत्या पोराला जवळ बसवा. वार्षिक सभेत प्रश्न जरूर विचारा, पण कागद हाती धरून!