जुन्या एसईओवाल्याने टाकलेल्या हजारो लिंक : साफसफाईचे पैसे देण्याआधी हे तपासा

पांढरकवडा : टिपेश्वरच्या वाटेवर चार खोल्यांचा होमस्टे आहे, असं समजा. मालकाने तीन वर्षांपूर्वी वेबसाइट काढली आणि एका एसईओवाल्याला महिन्याकाठी पैसे दिले. ‘पाच हजार बॅकलिंक टाकतो, गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असं तोंडी ठरलं. पुढे तो माणूस फोन उचलेनासा झाला. आता दुसराच कुणी सांगतो की साइटला विषारी लिंक जोडलेल्या आहेत, साफ केल्या नाहीत तर गुगल साइट उडवेल, आणि साफसफाईचे पंचवीस हजार लागतील. सफारीचा हंगाम तोंडावर आलेला. नागपूर आणि हैदराबादकडून येणारे लोक मोबाइलवरच खोली शोधतात. मालक घाबरतो आणि पैसे देऊन मोकळा होतो.

ढाबा असो, कृषी केंद्र असो की जिनिंग, वेबसाइट असलेल्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. म्हणून आधी जरा दम धरावा.

दुसऱ्या वेबसाइटने आपल्या साइटचा पत्ता दिला, की ती आपली बॅकलिंक. पाटणबोरीच्या चार जणांनी ‘मोटर बांधायची तर अमक्याकडे जा’ म्हटलं की त्या मिस्त्रीचं नाव होतं, तसंच हे. गुगलने सुरुवातीपासून अशा शिफारशींना वजन दिलं. मग पैसे देऊन शिफारस करणारे निघाले. कुणी न वाचणाऱ्या हजारो साइट काढायच्या, त्यात गिऱ्हाइकाची लिंक घालायची आणि आकडा दाखवून बिल लावायचं. पाच हजार लिंक म्हणजे बहुतेक वेळा हाच माल.

मोठ्या कंपन्याही यात सापडल्या आहेत. अमेरिकेतल्या जे.सी. पेनी या साखळी दुकानाच्या साइटसाठी अशाच असंबद्ध पानांवर लिंक टाकल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघड केलं. गुगलने साइट खाली ढकलली. आपल्याला काही माहीत नव्हतं, असं म्हणत कंपनीने एसईओ संस्थेला काढलं. पण फटका साइटलाच बसला.

एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि खोट्या लिंकवाल्या अनेक साइट घसरल्या. आजची भीती त्या काळातली आहे. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विनची पद्धत बदलली. आता गुगल सहसा अख्ख्या साइटला शिक्षा करत नाही, रद्दी लिंक मोजायचंच सोडून देतं. म्हणजे पाच हजार लिंकचा फायदा झाला नाही, पैसे बुडाले, पण बहुतेकांचं त्यापलीकडे नुकसानही झालेलं नसतं. काही खासगी सॉफ्टवेअर ‘विषारीपणाचे गुण’ लाल रंगात दाखवतात. ते गुण त्या कंपन्यांचे, गुगलचे नव्हेत.

मग खरंच काही बिघडलंय का, हे कळतं गुगलच्या मोफत ‘सर्च कन्सोल’मध्ये. तिथे ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ नावाचं पान आहे. गुगलच्या माणसाने साइट तपासून कारवाई केली असेल, तर त्याची नोंद तिथे असते. तिथे काही नसेल, तर ‘गुगलने कारवाई केली’ हे सांगणं खोटं.

अडचण अशी की बऱ्याच जणांकडे सर्च कन्सोलच नसतं, ते जुन्या एसईओवाल्याच्या ईमेलवर असतं. तेव्हा पहिलं काम लिंकचं नाही, ताब्याचं. साइटचं नाव कुणाच्या खात्यावर नोंदलंय, होस्टिंगचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे बघावं. सर्च कन्सोलमध्ये मालकाने स्वतःला जोडून घ्यावं आणि जुन्याला काढावं. नुसतं नाव काढून भागत नाही. मालकी सिद्ध करायला त्याने साइटवर किंवा डोमेनच्या नोंदीत एक खूण ठेवलेली असते, ती पुसली नाही तर तो पुन्हा आत येऊ शकतो.

कारवाईची नोंद दिसलीच, तर मात्र काम करावं लागतं. ‘लिंक्स’ पानावरून यादी उतरवून घ्यावी. विकत घेतलेल्या, आपल्या धंद्याशी काही संबंध नसलेल्या साइट वेगळ्या काढाव्यात. त्यांना ईमेल करून लिंक काढायला सांगावं आणि त्या ईमेलची नोंद ठेवावी. गुगलला हे प्रयत्न दिसावे लागतात. ज्या निघत नाहीत त्यांच्यासाठी ‘डिसअव्हाव’, म्हणजे ‘या लिंक धरू नका’ असं गुगलला कळवणं. ही सोय ऑक्टोबर २०१२ पासून आहे, मोफत आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीत एक साइट लिहायची : इंग्रजीत ‘डोमेन’, त्याला लागून कोलन, मग साइटचं नाव. फाइल चढवली की फेरविचाराचा अर्ज करायचा. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून हंगामाच्या आदल्या दिवशी हे होत नाही.

नवी फाइल चढवली की जुनी जाते. आधीच्या माणसाने काही चढवलं होतं का, ते उतरवून पाहावं. त्यात एखाद्या वर्तमानपत्राची किंवा पर्यटन साइटची चांगली लिंक नाकारलेली असू शकते. उगाच मोठी यादी टाकणं म्हणजे तणासोबत पऱ्हाटीही उपटणं. बहुतेक साइटना या सोयीची गरज नाही, असं गुगलच सांगतं. कारवाई झालेली नाही, पण लिंक विकत घेतल्याचं पक्कं माहीत आहे आणि कारवाईची शक्यता दिसते, तरच ती वापरावी.

आणखी एक गोष्ट बघायची राहून जाते : आपल्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंक. काही जण गिऱ्हाइकाच्याच साइटच्या तळाशी जुगार, औषधं, कर्ज अशा लिंक लपवतात. त्या आपल्या ताब्यात असतात, त्यामुळे सरळ काढून टाकाव्यात. ‘सिक्युरिटी इश्यूज’ पानही उघडून पाहावं, साइट हॅक झालेली असेल तर तिथे कळू शकतं.

गिऱ्हाईक कमी होण्याचं कारण भलतंच असू शकतं. जवळच्या दुकानांच्या, लॉजच्या निकालात गुगल शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक बघतं. नकाशावर फोन नंबर जुना असेल किंवा होमस्टे ‘कायमचा बंद’ दिसत असेल, तर लिंक साफ करून एकही खोली भरणार नाही.

पैसे बुडालेच असतील, तर पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, मात्र केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून काम करणाऱ्याला त्यात सूट आहे. पैसे द्या नाहीतर घाण लिंक टाकतो, अशी धमकी असेल तर ते पोलिसांचं प्रकरण.

डिसअव्हाव केल्यावरही त्या लिंक सर्च कन्सोलच्या यादीत दिसतच राहतात. ‘अजून आहेत बघा’ म्हणून कुणी ती यादी दाखवून पुन्हा पैसे मागितले, तर द्यायची गरज नाही.