मेलेल्यांचे दोष सांगावेत, पण किती?

इस्लाममध्ये गीबत, म्हणजे एखाद्याच्या पाठीमागे त्याचे दोष बोलणे, हे मोठे पाप. कुराणाच्या ४९व्या सूरहमधील १२वी आयत त्याला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा देते. दोष खरा आहे म्हणून सुटका नाही. खोटा असेल तर ते बालंट, म्हणजे आणखी वाईट. मृतांना शिव्याशाप देऊ नयेत, अशीही हदीस आहे. तरीही याच धर्माच्या विद्वानांनी हजारो मृत माणसांचे दोष नावानिशी लिहून ठेवले.

गरज का पडली

हदीस म्हणजे पैगंबरांची उक्ती किंवा कृती. ती अमक्याने तमक्याकडून ऐकली, अशा सनदेसह, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीसह, पुढे येते. ६५६ मध्ये खलिफा उस्मान यांची हत्या झाली, यादवी पेटली आणि पुढच्या काळात सोयीची वचने पैगंबरांच्या नावावर खपू लागली. सांगणाऱ्याचे नाव विचारण्याची रीत यादवीनंतरच पडली, असे बसऱ्याचे इब्न सीरीन (मृत्यू ७२९) सांगत. हदिसींवरून उपासनेचे, वारशाचे, व्यापाराचे नियम ठरत. मग सांगणारा, म्हणजे रावी, कसा होता हे न विचारून कसे चालेल? शिवाय बदलौकिकाच्या माणसाने आणलेली बातमी पडताळून घ्या, हा आदेशही त्याच सूरहमध्ये, सहाव्या आयतीत आहे. या परीक्षेच्या शास्त्राला ‘जरह व तादील’ म्हणतात.

सज्जनपणा पुरत नाही

रावीबद्दल प्रश्न दोनच: तो सचोटीचा होता का, आणि ऐकलेले त्याच्या नीट लक्षात राहत होते का? दुसऱ्या प्रश्नावर अनेक भक्तिमान माणसे नापास झाली. रात्र रात्र नमाज पढणाऱ्याचीही साक्ष कच्ची असू शकते, हे या मंडळींनी स्पष्ट लिहिले. मला त्यांची ही हिंमत सर्वांत मोठी वाटते. अली इब्न अल-मदीनी (मृत्यू ८४९) यांनी तर स्वतःच्या वडिलांनाच कच्चे रावी ठरवले. विद्वानांची गीबत करू नका, असे अबू तुराब या सूफींनी रावींची परीक्षा करणाऱ्या अहमद इब्न हंबल यांना सुनावले, तेव्हा ही गीबत नव्हे, लोकांच्या हिताची सूचना आहे, असे उत्तर त्यांना मिळाले.

लगाम

तेराव्या शतकात दमास्कसच्या इमाम नववींनी गीबतीला सहा अपवाद सांगितले. अन्यायाची दाद मागणे हा त्यांतला एक, लोकांना सावध करणे हा दुसरा. रावींची परीक्षा या दुसऱ्यात बसते. पण सवलत कामापुरतीच. एका दोषाने भागत असेल तर दुसरा सांगू नये, असे कैरोचे सखावी (मृत्यू १४९७) बजावतात. हदीससंग्राहक इमाम बुखारी सहसा कुणाला सरळ खोटारडा म्हणत नसत. ‘याच्याबाबत विचार करावा लागेल’ अशा अर्थाचा शेरा मारत, आणि जाणकार समजायचे ते समजत.

एका वर्गापुढे मात्र ही परीक्षा थांबते. सुन्नी परंपरेत पैगंबरांचे सर्व सहाबी, म्हणजे सोबती, सचोटीचे मानले जातात. शिया परंपरेला ते मान्य नाही, आणि यादवीच्या काळातील व्यक्तींवरचे वाद इथेच पेटतात.

परीक्षकांची परीक्षा

इमाम मालिक यांनी पैगंबरांचे चरित्रकार इब्न इसहाक यांना ‘दज्जाल’, म्हणजे महाखोटारडा, म्हटले. दोघे समकालीन, दोघांत वितुष्ट. पुढे झहबी (मृत्यू १३४८) यांनी दंडक घातला की हेव्यादाव्यातून किंवा पंथभेदातून समकालीनांनी एकमेकांवर केलेली टीका बाजूला ठेवावी. गंमत म्हणजे त्यांचेच शिष्य सुबकी यांनी झहबींवर पंथीय पक्षपाताचा ठपका ठेवला.

सखावीही सुटले नाहीत. त्यांनी आपल्या शतकातील माणसांचा मोठा चरित्रकोश लिहिला. त्यात लोकांची अब्रू घेतली म्हणून त्यांच्याच काळातील विद्वान सुयूतींनी त्यांच्याविरुद्ध खास निबंध लिहिला. अर्थात तीही समकालीनाचीच टीका. पंधराव्या शतकातील कैरोच्या अभ्यासासाठी सखावींचा कोश आजही उघडावाच लागतो. त्यातल्या तारखा घ्याव्यात, गुरुशिष्यांची नावे घ्यावीत; प्रतिस्पर्ध्यांवरचे शेरे मात्र दुसरा साक्षीदार मिळाल्याशिवाय घेऊ नयेत.