तांड्याची वाटचाल आणि १९६१ चा पुरावा

संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी बंजारा समाजाची काशी मानली जाते. रामनवमीच्या यात्रेला अनेक राज्यांतून भाविक येतात. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या या समाजाचा व्यवसाय रेल्वेने हिरावला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक भटक्या जमातींना जन्मतःच संशयित ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांना मुक्ती मिळाली. 'विमुक्त' हा शब्द त्यातूनच आला.

महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती (अ) प्रवर्गात असून त्यासाठी ३ टक्के आरक्षण आहे. मात्र २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंबाचे वास्तव्य राज्यात असल्याचे सिद्ध करावे लागते. त्यानंतर परराज्यातून आलेल्यांना हा लाभ मिळत नाही. पडताळणी समितीने दावा अवैध ठरविल्यास २००० च्या अधिनियमानुसार प्रवेश वा नोकरी गमवावी लागते.

अडचण येथेच आहे. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, त्यांनी दाखला कोठून आणावा? अशा वेळी कोतवाल पंजीतील जन्मनोंद, जुने महसुली अभिलेख आणि वडिलांकडील रक्तनात्यातील वैधता प्रमाणपत्रे उपयोगी पडतात. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला एकटा पुरेसा नसतो. दक्षता पथकाच्या गृहचौकशीत तांड्याच्या नायकाची व वडीलधाऱ्यांची साक्षही मोलाची ठरते. म्हणून वंशावळ आजच लिहून ठेवावी. ती सांगणारी पिढी झपाट्याने मागे पडत आहे.