जिजाऊंच्या माहेराहून मालवणच्या दर्यावर

देऊळगाव राजातून निघून थेट मालवण गाठायचं एक भक्कम कारण आपल्या शेजारीच आहे. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जन्मल्या. त्यांच्या लेकाने, शिवाजी महाराजांनी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. समुद्राचा वाराही न लागणाऱ्या मुलखातली ही लेक, आणि तिच्या मुलाने उभं केलं आरमार! आपल्याकडच्या प्रत्येकाने हा किल्ला बघायलाच हवा.

बघायचं तरी किती! विस्तार सुमारे ४८ एकर, तटाचा फेरा जवळजवळ ३ किलोमीटर, पायात ओतलेलं शिसं. चहूकडे खारट पाणी. आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरातली मूर्ती इतर कुठल्याही चित्रासारखी नाही. शिवाजी महाराजांना दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्याची टोपी! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे.

हे आरमार चालायचं शिडांवर. शिडाच्या होडीचं इंजिन म्हणजे वारा, आणि त्याचंही वेळापत्रक असतं. रात्री जमीन पाण्याआधी थंड होते, म्हणून पहाटे वारा समुद्राकडे वाहतो: हा मतलई. दुपारी जमीन तापली की तो उलटा फिरतो: हा खारा वारा. मतलईवर बाहेर पडायचं, खाऱ्या वाऱ्यावर परतायचं. मराठ्यांच्या गलबतांना शिडांबरोबर वल्हीही असत, त्यामुळे वारा पडला तरी ती अडून राहत नसत.

वाऱ्यासारखी भरतीचीही वेळ हवी? भिंतीवरचं पंचांग पुरे! तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे अदमासे तीन वाजता भरती. सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वात जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. कोकण किनाऱ्याचा हा जुना हिशेब आजही साधारण जुळतो.

किल्ला बघून झाला की तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम. किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर नक्की थांबा. लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी माणसं मिळून ओढतात. मग जेवायला बांगडा आणि सोलकढी.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा बेत ऑक्टोबर ते मे मधला आखा. आपल्या खडकपूर्णा नदीच्या पाण्यात पट्टीचे पोहणारे असाल, तरी समुद्रात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारा, आणि होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका.